गहाण गाव, विकलेली लेन्स

स्लोव्हाकियातल्या बहुतेक नद्या दक्षिणेला उतरतात आणि शेवटी डॅन्यूबला मिळतात. पोप्राद नदी टाट्रा पर्वतात उगम पावते आणि उलटी, उत्तरेकडे निघते. पोलंडात शिरून तिचं पाणी आधी दुनायेत्स, मग व्हिस्तुला नदीतून थेट बाल्टिक समुद्रात जातं. पोप्राद शहरातून सुटलेली छोटी गाडी या नदीच्या खोऱ्यातून पुढे सरकते तेव्हा डाव्या खिडकीत सतत टाट्रा असतो. आपल्या सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हा डोंगर अंगावर येतो. पायथ्याच्या टेकड्या नाहीत, पठारं नाहीत, घाटमाथा नाही. बटाट्याचं शेत संपतं, थोडं रान लागतं आणि मग अडीच हजार मीटरांचा कातळ उभा राहतो. त्यातलं गेर्लाख हे सर्वांत उंच शिखर २,६५५ मीटरांचं.

मी इथे आले होते एका लेन्समुळे. मुंबईत फोटो स्टुडिओ चालवलेल्या एका जुन्या कुटुंबाकडे ती पाहिली होती: पितळेची जाड नळी, कडेला फोकस करायची दातेरी चक्री, हातात घेतली तर मनगट खाली जाईल एवढं वजन. नळीच्या वरच्या अंगाला एक खाच पाडलेली. ती मागाहून पाडलेली असणार, कारण छिद्र लहानमोठं करायच्या पत्र्याच्या चकत्या सरकवण्याची युक्ती जॉन वॉटरहाऊस या इंग्रजाने १८५८ मध्ये काढली आणि नंतर लोकांनी आपापल्या जुन्या लेन्सना तशा खाचा पाडून घेतल्या. पितळेवर तिरप्या वळणदार अक्षरांत ‘फोग्टलेंडर आणि पुत्र, व्हिएन्ना’ असं जर्मन भाषेत कोरलेलं. जगातल्या पहिल्या गणिताने बेतलेल्या फोटो लेन्सच्या घराण्यातली ही लेन्स. तिचं गणित ज्याने केलं त्या योझेफ पेट्झवालचं नाव तिच्यावर कुठेच नव्हतं. पेट्झवालपासून सुरू करून फोग्टलेंडरपर्यंत जायचं, असा मी रस्ता ठरवला. नकाशावर तो टाट्रापासून बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि वर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगपर्यंत जातो.

पेट्झवाल ६ जानेवारी १८०७ रोजी जन्मला ते गाव स्पिशस्का बेला. एक लांबट चौक, दोन्ही बाजूंना बसकी, उतरत्या छपरांची घरं, मध्ये चर्च आणि चर्चला न चिकटता वेगळा उभा असलेला घंटेचा मनोरा. असे सुटे मनोरे या स्पिश प्रांतात गावोगाव दिसतात. वरच्या कठड्यावर नक्षीदार कंगोरे, किल्ल्याच्या तटासारखे. दर सप्टेंबरात इथे बटाट्याची जत्रा भरते. थंड हवा आणि हलकी माती, दुसरं फारसं काही पिकत नाही. मंचर-खेडच्या माणसाला इथे करमेल असं मला उगीच वाटून गेलं.

मला खरा धक्का बसला तो या गावाच्या इतिहासाने. हे गाव ३६० वर्षं गहाण होतं. १४१२ मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मंड याला व्हेनिसशी लढायला पैसा हवा होता. त्याने पोलंडच्या राजाकडून ३७,००० शोक प्राग ग्रोशेन उचलले. एक शोक म्हणजे ६० नाणी, तेव्हा ही बावीस लाखांवर चांदीची नाणी झाली. तारण म्हणून त्याने स्पिशमधली सोळा गावं पोलंडच्या हवाली केली. बेला त्यांतलंच एक. गावं कागदोपत्री हंगेरीचीच राहिली, पण वसूल पोलंडचा सुभेदार गोळा करू लागला. मुद्दल कुणी फेडलं नाही. पिढ्या गेल्या, राजघराणी बदलली. शेवटी पोलंडच दुबळा झाला आणि १७७२ मध्ये शेजाऱ्यांनी त्याचे लचके तोडले तेव्हा ही गावं हंगेरीची राणी मारिया थेरेसा हिच्या हाती परत आली. कर्ज फेडून नव्हे, धनको मोडकळीला आला म्हणून. सावकारीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात; त्यांत असा शेवट सहसा नसतो.

या गावांत राहणारे लोक होते जर्मन. १२४१ च्या मंगोल स्वारीत हा मुलूख ओस पडला, तेव्हा हंगेरीच्या राजाने सवलती देऊन जर्मन कारागीर आणि व्यापारी आणून वसवले. सात शतकं ते इथे नांदले. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांतल्या बहुतेकांना देशाबाहेर काढण्यात आलं. आज चौकात ऐकू येते ती स्लोव्हाक. म्हणून पेट्झवाल कोणाचा, या प्रश्नाला इथे सोपं उत्तर नाही. घरात जर्मन, राज्य हंगेरीचं, जन्मगाव आज स्लोव्हाकियात आणि प्राध्यापकी ऑस्ट्रियात. स्लोव्हाक लोक त्याला योझेफ मॅक्सिमिलियान म्हणतात, हंगेरियन लोक नाव उलटं करून पेट्झवाल योझेफ म्हणतात, व्हिएन्नाचे लोक नुसतं प्रोफेसर पेट्झवाल. प्रत्येकाचा दावा थोडाथोडा खरा आहे.

त्याचे वडील शाळामास्तर आणि चर्चमधले ऑर्गनवादक. जन्मघरात १९६४ पासून संग्रहालय आहे. कोशित्सेच्या तंत्रविषयक राष्ट्रीय संग्रहालयाची ती शाखा. खोल्या लहान, जमीन करकरणारी. कॅमेऱ्याच्या अंधाऱ्या पेटीपासून सिनेमाच्या यंत्रापर्यंतचा सगळा प्रवास तिथे मांडलेला आहे. सिनेमाच्या प्रोजेक्टरपाशी मी रेंगाळले, कारण इथे ओळखीचं काहीतरी होतं. पेट्झवालची रचना छायाचित्रणातून मागे पडली तरी प्रोजेक्टरमध्ये ती विसाव्या शतकभर टिकली. पडद्यावर भरपूर उजेड फेकायचा असेल आणि चित्राचा पसारा फार रुंद नसेल तर तिच्याइतकी स्वस्त आणि चोख लेन्स नाही. आपल्याकडे जत्रांमधून तंबू ठोकून जे सिनेमे दाखवले जायचे, त्या यंत्रांच्या तोंडाशी बहुधा याच घराण्यातली काच असायची. आता ते तंबू गेले, फिल्मचे प्रोजेक्टर भंगारात निघाले, आणि हौशी छायाचित्रकार त्या लेन्स काढून डिजिटल कॅमेऱ्यांना बसवतात.

का बसवतात ते सांगायचं तर लेन्सच्या पोटात शिरायला हवं. पेट्झवालच्या लेन्समध्ये चार काचा आहेत, दोन जोड्यांत. पुढच्या जोडीतल्या दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, मागच्या जोडीत मध्ये हवेची फट. त्या काळी भिंगासाठी दोनच जातींच्या काचा मिळत, क्राउन आणि फ्लिंट. त्यांच्याच जुळणीतून रंगांचा फाटा आणि किरणांचं इकडेतिकडे पसरणं आटोक्यात आणायचं होतं. ते त्याने आणलं, आणि छिद्र एफ ३.६ इतकं मोठं ठेवूनही आणलं. त्याआधी पॅरिसच्या शेवालिए यांच्या भिंगातून येई त्याच्या सोळा-सतरा पट उजेड. पण एका गोष्टीचा बळी गेला. या लेन्सची प्रतिमा सपाट पडत नाही, वाडग्याच्या आतल्या अंगासारखी वाकलेली पडते. प्लेट सपाट, प्रतिमा वाकडी. त्यामुळे मध्य लखलखीत आणि कडेला सगळं विरघळून गोल गोल फिरल्यासारखं. चेहऱ्याच्या फोटोत चेहरा मध्यभागीच असतो, म्हणून हा दोष चालून गेला, आणि आज तर लोक याच भोवऱ्यासाठी पैसे मोजतात. गंमत अशी की प्रतिमा सपाट पडायला काचांचं काय प्रमाण लागतं, याचं सूत्र खुद्द पेट्झवालनेच मांडलं. प्रकाशशास्त्रात ते अजून त्याच्या नावाने शिकवतात. त्याच्या स्वतःच्या लेन्सने मात्र ते पाळलेलं नाही. दोन जातींच्या काचांत ते पाळून एवढा उजेड मिळणं शक्यच नव्हतं.

बेलाहून केझमारोक जवळच. पेट्झवाल लहान असताना कुटुंब तिथे गेलं. या गावात १७१७ मध्ये बांधलेलं लाकडी प्रॉटेस्टंट चर्च आहे, आणि ते बघायला जगभरातून लोक येतात. हॅब्सबर्ग सम्राट कॅथलिक. प्रॉटेस्टंटांना चर्च बांधायची परवानगी त्याने दिली ती अटींवर. गावाच्या वेशीबाहेर बांधायचं, स्वतःच्या खर्चाने बांधायचं. त्यांनी बांधलं, लोखंडी खिळा न वापरता. बाहेरून गिलावा चढवलेलं, गोदामासारखं रूप. आत शिरलं की रंगवलेल्या आकाशाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. शेजारच्या नव्या चर्चमध्ये इम्रे थोकोलीची समाधी आहे. हा इथला सरदार हॅब्सबर्गांविरुद्ध उठला आणि १६८३ मध्ये व्हिएन्नाला वेढा घालणाऱ्या तुर्कांच्या बाजूने राहिला. पुढे व्हिएन्नाच्या एका टेकडीवर मला याची आठवण येणार होती.

लेवोचाला थांबले ते तिथल्या उंच वेदीसाठी. पाउल नावाच्या कारागिराने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिंडेनच्या लाकडात कोरलेली ही वेदी १८ मीटरांहून उंच आहे. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. पेट्झवाल इथल्या शाळेत होता. तो गणितात कच्चा होता आणि त्याला चांभारकामाला लावायचं घाटत होतं, पण एका सुट्टीत त्याने गणिताचं एक जाडजूड पुस्तक स्वतःच वाचून काढलं, अशी गोष्ट सांगतात. थोर गणित्यांच्या बाबतीत अशा गोष्टी फार आवडीने सांगितल्या जातात. मला ती अर्धी पटते. पुस्तक खरं असेल. चांभारकाम सांगणाऱ्याने घातलेली मीठमिरची असेल.

कोशित्सेत त्याचं पुढचं शिक्षण झालं. मी ते शहर घाईत ओलांडलं आणि डॅन्यूबकाठी बुडापेस्टला आले. तेव्हा बुडा आणि पेस्ट ही दोन वेगळी शहरं होती. पेट्झवाल पेस्टमध्ये अभियंता झाला आणि १८२८ पासून काही वर्षं त्याने नगराची नोकरी केली. काम होतं पुराचं आणि गटारांचं. लेन्सच्या इतिहासात हे कुणी फारसं सांगत नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. पाणी किती चढेल, उतार किती ठेवावा, हे आधी कागदावर काढून मग खणायचं, ही सवय त्याला नदीने लावली असावी.

शहराने त्याचं किती ऐकलं ते भिंतींवरून कळतं. पेस्टच्या जुन्या इमारतींवर लहान संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर १८३८ सालच्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं ते दाखवणारी रेघ, काहींवर बोट दाखवणारा हात. माझ्या डोक्याच्या वर एक रेघ होती. त्या मार्चमध्ये बर्फाचे तुकडे अडकून डॅन्यूब फुगली आणि पेस्टची दोन हजारांवर घरं कोसळली. फ्रान्सिस्कन चर्चच्या भिंतीवर होडीतून लोकांना वाचवणाऱ्या वेशेलेनी या सरदाराचं मोठं शिल्प आहे. १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेल्यांनी पुण्यातल्या घरांच्या भिंतींवर अशाच खुणा दाखवल्या होत्या, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण आपण त्या रंगाच्या हातांखाली जाऊ दिल्या. पेट्झवाल त्या पुराआधीच्या वर्षी, १८३७ मध्ये, व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक म्हणून निघून गेला होता.

व्हिएन्नाचं जुनं विद्यापीठ शहराच्या गाभ्यात, दगडी बोळांच्या आड आहे. आज तिथे विज्ञान अकादमी आहे. १८३९ च्या १९ ऑगस्टला पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारने ती विकत घेऊन जगाला खुली केली. व्हिएन्नाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एटिंग्सहाउझेन तेव्हा पॅरिसमध्ये होते. परत आल्यावर त्यांनी पेट्झवालला सांगितलं की कृती उत्तम आहे, भिंग कुचकामी. उजेड इतका कमी येई की माणसाला मिनिटांमागून मिनिटं भर उन्हात, मान लोखंडी चिमट्यात अडकवून बसावं लागे. देवळं आणि पूल यांचे फोटो निघत. माणसांचे निघत ते डोळे मिटलेल्या, घामाघूम माणसांचे.

तोवर भिंगं बनत ती घासून, बघून, पुन्हा घासून. पेट्झवालने आधी हिशेब करायचं ठरवलं. एकेक किरण काचेत शिरताना किती वाकतो, बाहेर पडताना किती, हे प्रत्येक पृष्ठभागाला लॉगच्या कोष्टकांनी काढायचं. एकट्याचं काम नव्हतं. तोफखान्याचे प्रमुख आर्चड्यूक लुडविग यांनी त्याच्या दिमतीला आकडेमोडीत तरबेज असलेले दहा-अकरा तोफखानेवाले दिले. तोफेचा गोळा कुठे पडेल हे काढणारी माणसं प्रकाशाचा किरण कुठे पडेल हे काढू लागली. या लेन्सच्या गोष्टीत मला सर्वांत जास्त आवडतो तो हा भाग, आणि सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे तेही याच माणसांबद्दल. १८४० मध्ये हिशेब पुरा झाला.

भिंग घासून देणारा व्यापारी म्हणजे पेटर फोग्टलेंडर. त्याच्या आजोबांनी १७५६ मध्ये व्हिएन्नात उपकरणांचा कारखाना काढला होता. पेटर नुसता दुकानदार नव्हता. व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला होता, आणि काचा प्रकाश किती वाकवतात हे अचूक मोजून त्याने पेट्झवालला आकडे दिले. त्याशिवाय हिशेब निष्फळ ठरला असता. १८४१ मध्ये त्याने ही लेन्स बसवलेला पितळी कॅमेरा विकायला काढला. चकाकत्या दुर्बिणीसारखा दिसणारा, गोल चित्र देणारा हा कॅमेरा त्या काळातली सर्वांत देखणी वस्तू असावी.

पेट्झवालला मिळाले २,००० गुल्डन, एकदाच. ऑस्ट्रियाबाहेर या लेन्सला कसलंही कायदेशीर संरक्षण नव्हतं. पॅरिस आणि लंडनचे कारखानदार लगेच नकला काढू लागले. फोग्टलेंडरने स्वतःही हजारो विकल्या. १८६२ मध्ये कारखान्याची दहा हजारावी लेन्स निघाली. तोवर युरोप-अमेरिकेत गल्लोगल्ली चेहऱ्यांचे स्टुडिओ निघाले होते आणि फोटो काढून घेणं ही राजेरजवाड्यांची चैन राहिली नव्हती. या घराण्याच्या लेन्स भारतातही आल्या. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या वर्तुळात होते. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी पुढे इंग्लंडमध्ये धूसर कडांचे जे चेहरे टिपले, त्यांतल्या सुरुवातीच्यांमागे पॅरिसच्या झामँ यांनी केलेली पेट्झवालचीच नक्कल होती.

पेट्झवाल आणि फोग्टलेंडर यांचं १८४५ च्या सुमारास बिनसलं ते कायमचं. पुढे पेट्झवालने निसर्गदृश्यांसाठी दुसरी लेन्स बेतली आणि डीट्सलर नावाच्या दुसऱ्या कारागिराकडून करून घेतली. फोग्टलेंडरने जुन्या आकड्यांच्या आधारे तशीच बाजारात आणली. भांडण मासिकांच्या पानांवर गेलं. डीट्सलरचं दिवाळं निघालं.

पण पेट्झवालला नुसता ठकवला गेलेला साधा माणूस म्हणून बघणं मला जमलं नाही, आणि त्याचं कारण व्हिएन्नाच्याच नव्या विद्यापीठात आहे. तिथल्या प्रशस्त चौकाभोवती कमानींचा ओवरीसारखा सोपा आहे आणि त्यात विद्यापीठाच्या मोठ्या प्राध्यापकांचे पुतळे. पेट्झवाल तिथे आहे आणि डॉप्लरही आहे. रेल्वे जवळ येताना शिटी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, त्या परिणामाचा हा डॉप्लर. १८५२ मध्ये अकादमीच्या सभेत पेट्झवालने त्याच्यावर हल्ला चढवला. जे तत्त्व इतक्या थोड्या ओळींत मांडता येतं त्यात खोल विज्ञान असूच शकत नाही, खरं ज्ञान मोठ्या समीकरणांतूनच येतं, असा त्याचा रोख. सात वर्षांपूर्वीच हॉलंडमध्ये आगगाडीवर तुताऱ्या वाजवणारे बसवून डॉप्लरचं म्हणणं तपासलं गेलं होतं आणि बरोबर निघालं होतं. तरीही पारडं पेट्झवालकडे झुकलं. डॉप्लरला भौतिकी संस्थेच्या संचालकपदावरून जावं लागलं. प्रकृती ढासळलेली होती, व्हेनिसला गेला आणि १८५३ च्या मार्चमध्ये वारला. त्याच्या जागी आले ते एटिंग्सहाउझेन, पॅरिसहून लेन्सची बातमी आणणारे. स्वतःच्या हक्कासाठी आयुष्यभर भांडलेल्या माणसाने दुसऱ्याचं श्रेय इतक्या सहज नाकारावं, हे मला त्या सोप्यात उभं राहून पचवावं लागलं.

शहराच्या उत्तरेला काहलेनबेर्ग ही टेकडी आहे. वर जाताना ग्रिंत्सिंगच्या द्राक्षमळ्यांतून वाट जाते. दारावर झाडाच्या हिरव्या फांद्यांचा झुबका टांगला की त्या घरी यंदाची स्वतःची वाइन मिळते, झुबका उतरवला की दुकान बंद. मळेवाल्यांना आपली वाइन आपणच विकायची ही मुभा सम्राट योसेफ दुसरा याने १७८४ मध्ये दिली. त्याच योसेफने दोन वर्षं आधी माथ्यावरचा मठ निरुपयोगी ठरवून बंद केला होता. पुढे त्या रिकाम्या मठाच्या इमारतीत पेट्झवाल राहायला आला. तिथे त्याने काचा घासायची कार्यशाळा थाटली. शिकवायच्या दिवशी तो काळ्या घोड्यावर बसून खाली शहरात यायचा, असं सांगतात. तलवारबाजीतही त्याचा हात धरणारा व्हिएन्नात कुणी नव्हता म्हणे.

माथ्यावरून सगळं व्हिएन्ना दिसतं, मधून डॅन्यूबचे फाटे. १६८३ च्या १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा सोबिएस्की याच उतारावरून फौज घेऊन तुर्कांवर कोसळला आणि वेढा उठला. केझमारोकच्या थडग्यातला थोकोली या लढाईतल्या हरलेल्या बाजूचा मित्र. पोलंडच्या राजाचा इथे केवढा मान आहे ते माथ्यावरच्या चर्चमध्ये दिसतं. त्या वेळी बेला मात्र पोलंडच्याच तिजोरीत गहाण पडलेलं होतं.

१८५९ मध्ये पेट्झवालच्या घरी चोरी झाली आणि प्रकाशशास्त्रावरची हस्तलिखितं गेली. एवढी वर्षं आपला सगळा सिद्धांत छापायचं तो पुढे ढकलत आला होता. १८४३ मधल्या एका छोट्या पुस्तिकेखेरीज फारसं काही छापलेलं नव्हतं. पुन्हा लिहिण्याऐवजी त्याने प्रकाश हा विषयच सोडला आणि नाद हाती घेतला. सप्तकाचे बाराऐवजी ३१ भाग करावेत, असं तो म्हणू लागला आणि तशी गिटार त्याने करवून घेतली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींचं मोजमाप मांडलं ते पुढच्या शतकाच्या सुरुवातीला. दोघांची गाठ पडली असती तर वाद नक्की झाला असता. उतारवयात त्याने घरकाम पाहणाऱ्या बाईंशी लग्न केलं, चारच वर्षांत त्या वारल्या. १८७७ मध्ये तो निवृत्त झाला आणि माणसांतून उठला. १८९१ च्या सप्टेंबरात गेला, मध्यवर्ती दफनभूमीत पुरला गेला.

व्हिएन्नाने त्याची लेन्स पुन्हा एकदा विकली आहे. लोमोग्राफी ही व्हिएन्नाची कंपनी. तिने २०१३ मध्ये जगभरच्या हौशी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून डिजिटल कॅमेऱ्याला बसणारी पितळी पेट्झवाल लेन्स काढली. घडवली रशियात, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधल्या झेनिटच्या कारखान्यात. या वेळी नाव मात्र पेट्झवालचंच दिलं.

फोग्टलेंडरने १८४५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या वकिलाच्या मुलीशी लग्न केलं. १८४८ मध्ये व्हिएन्नात क्रांती पेटली, रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, तसा तो सासुरवाडीच्या शांत गावी सरकला आणि १८४९ मध्ये तिथे कारखाना काढला. मग पितळेवर व्हिएन्नाच्या जोडीला ब्राउनश्वाइग कोरलं जाऊ लागलं, आणि काही काळाने व्हिएन्ना गळून पडलं. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने त्याला सरदारकी दिली.

ब्राउनश्वाइग मला आधी निराश करून गेलं. १९४४ च्या १५ ऑक्टोबरला बाँबफेकीत जुनं शहर जळालं. आज चौकाचौकांत जुन्या इमारतींची बेटं आहेत आणि मध्ये युद्धानंतरचे सरळसोट ठोकळे. पण इथे एक योगायोग आहे. गणितज्ञ गाउस या शहरात जन्मला, आणि त्याने भिंगांच्या गणितावरचा आपला पायाभूत ग्रंथ लिहिला तो पेट्झवाल व्हिएन्नात हिशेब करत होता त्याच सुमारास. लेन्सचं गणित गाउसच्या गावी व्यापाऱ्याच्या पेटीतून आलं.

फोग्टलेंडरच्या कारखान्याने या शहराला शंभराहून अधिक वर्षं रोजगार दिला. त्याच कारखान्यात तयार झालेल्या फ्रांके आणि हायडेके या दोघांनी १९२० मध्ये स्वतंत्र धंदा काढला. त्यातून रोलाय जन्मली. आपल्याकडचे लग्नाचे आणि वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर गळ्यात जो दोन डोळ्यांचा रोलायफ्लेक्स अडकवत तो याच गावचा. मग जपानी कॅमेरे स्वस्त आणि चांगले येऊ लागले. १९७१ च्या सुमारास इथलं फोग्टलेंडरचं उत्पादन थांबलं. रोलायने काम सिंगापूरला नेलं, फोग्टलेंडरचं नाव पदरात घेतलं आणि १९८१ मध्ये स्वतःच बुडाली. नाव पुढे या हातातून त्या हातात गेलं. १९९९ पासून त्या नावाच्या लेन्स घडतात त्या जपानात, नागानो प्रांतातल्या कोसिना कंपनीत, आणि उत्तम घडतात.

शहराच्या पूर्वेला रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जुनी नाकेघरं आहेत. तिथे छायाचित्रणाचं संग्रहालय आहे. भिंतीवर मोठमोठे समकालीन फोटो टांगलेले होते. टेबलामागच्या तरुणाला मी फोग्टलेंडरबद्दल विचारलं. कॅमेरे बघायचे असतील तर महापालिकेच्या संग्रहालयात जा, असं त्याने सांगितलं. इथे फक्त फोटो दाखवतात. मग त्याने विचारलं की मी कोणता कॅमेरा वापरते. मी सांगितलं, जपानी. तोही जपानीच वापरत होता.